तीन लाखांचा चेक आणि मधले साठ हजार

28 मार्च 2023 ची संध्याकाळ. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या फोनवर साठ हजार रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. पाठवणारा त्याच महिन्यात त्याच्या बागेतला माल खरेदी केलेला व्यापारी. पैशाखाली शेठने दोन शब्दही लिहिले होते : 'चेक पैकी'. खरड छाटणी तोंडावर आलेली, मजुरांची उचल द्यायची होती, त्यामुळे घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. पुढं सगळा घोळ झाला तो या साठ हजारांनीच.

मी वकील नाही. बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवायच्या, टेबलावर. निवृत्त होऊन गावी आल्यापासून परत आलेला चेक घेऊन कुणी ना कुणी ओसरीवर येतंच. हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण 'चेक बाउन्स झाला की केस टाकायची' एवढंच लोकांना ठाऊक असतं आणि त्या एका वाक्यात अर्धी चूक आहे. नावं मुद्दाम देत नाही. बागायतदार माझ्या पुतण्याच्या वयाचा, मला काका म्हणतो.

सौदा असा होता. 6 मार्चला माल खुडला. वीस किलोचे 470 क्रेट, म्हणजे 9,400 किलो. भाव 38 रुपये. काटापट्टीवर बेरीज 3,57,200. शेठने वरचे 57,200 काट्यावरच रोख मोजून दिले आणि उरलेल्या तीन लाखांचा चेक फाडला, तारीख घातली 31 मार्च. 'दोन लाख आणि त्यावर रोख घेणं तुम्हालाच अडचणीचं होईल,' असंही वर ऐकवलं. ते खोटं नव्हतं. आयकर कायद्याच्या 269एसटी कलमाने 2017 पासून एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला बंदीच होती. पण म्हणून चेक पंचवीस दिवस पुढच्या तारखेचा असावा, असं ते कलम सांगत नव्हतं.

पुढच्या तारखेचा चेक हा आपल्याकडच्या शेतमालाच्या धंद्याचा जुना रोग. व्यापारी माल पुढं विकणार, तिकडून पैसे येणार, मग त्याच्या खात्यात शिल्लक पडणार. तोवर बागायतदार त्याला बिनव्याजी उधार देत असतो, फक्त हातात कागद असल्यामुळे त्याला ती उधारी वाटत नाही. तारीख उजाडेपर्यंत तो कागद कायद्यानेही पुरता चेक नसतो. बँक त्यावर पैसे देत नाही आणि 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं, चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, 138 चं कलमही लागत नाही.

चेक मी हातात घेऊन नीट पाहिला होता. कागद सीटीएस-2010 चा, म्हणजे प्रतिमेवरून वटवता येईल अशा ठरीव नमुन्याचा. खालच्या पांढऱ्या पट्टीत आधी सहा आकडी चेक नंबर, मग मशीनने वाचायचा नऊ आकडी एमआयसीआर कोड. त्या नऊतले पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे आकडे बहुधा पिनकोडच्या सुरुवातीचेच असतात, नाशिकचे 422, मुंबईचे 400. या चेकवर होते 452, म्हणजे इंदूर. सहीखाली प्रोप्रायटरचा शिक्का, म्हणजे धंदा एकट्याचा आणि जबाबदारीही एकट्याची. कंपनीचा चेक असता तर 141 कलम काढून कोणते संचालक धंदा पाहत होते, हे शोधत बसावं लागलं असतं. अक्षरी रक्कम 'तीन लाख फक्त' आणि आकडी रक्कम यांचा मेळ बसत होता. (या दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरावी असं 1881 चा कायदा सांगतो खरा, पण व्यवहारात बँक असा चेक परतच पाठवते.) डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मात्र नव्हत्या. त्या बागायतदार पोरानेच घरी मारल्या होत्या आणि ते बरोबरच केलं होतं. क्रॉस न केलेला चेक ज्याच्या हातात आहे त्याला तो क्रॉस करता येतो. एकदा रेघा पडल्या की ती रक्कम काउंटरवर रोख मिळत नाही, कुठल्या तरी खात्यातूनच जावी लागते, त्यामुळे वाटेत चेक हरवला तरी धागा राहतो.

म्हणजे कागदात खोट नव्हती. आता खात्याकडे.

चेक म्हणजे पैसे नव्हेत. तो शेठने स्वतःच्या बँकेला दिलेला लेखी हुकूम : अमक्याला, या तारखेपासून, एवढे पैसे दे. हुकूम देणारा वेगळा, पाळणारी बँक वेगळी, पैसे घेणारा तिसराच. आपली बँक मध्ये फक्त वसुलीचा निरोप नेते. हुकूम कितीही चोख लिहिला तरी खात्यात शिल्लक नसेल तर शेठची बँक तो पाळायला बांधील नाही. पोराने मला विचारलं होतं, 'काका, बँकेने चेकबुक दिलं म्हणजे बँकेची काहीच जबाबदारी नाही का?' नाही. बँक जबाबदारी घेते ती डिमांड ड्राफ्टवर, कारण तिथे पैसे आधीच भरलेले असतात.

31 मार्चला शुक्रवार. 1 एप्रिलला बँकांचं वर्ष बंद, 2 ला रविवार. पोराने 3 एप्रिलला, सोमवारी, स्लिप भरून चेक टाकला. आमच्या काळी अशा चेकांच्या गड्ड्या बांधून शिपाई क्लिअरिंग हाउसला न्यायचा आणि परगावचा चेक असला तर टपालाने जाऊन यायला तीन आठवडे लागायचे. आता कागद प्रवासच करत नाही. शाखेत त्याची पुढची-मागची प्रतिमा काढतात, खालच्या पट्टीतले आकडे मशीन वाचतं आणि प्रतिमा पुढं जाते. ही सीटीएस पद्धत 2008 मध्ये दिल्लीत सुरू झाली, मुंबईला 2013 मध्ये आली. 2023 मध्ये आज टाकलेल्या चेकचा निकाल साधारण पुढच्या कामाच्या दिवशी लागायचा. (4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत पुढं जात राहतात. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत सादर करायचे आणि समोरच्या बँकेने संध्याकाळी सातच्या आत हो-नाही कळवायचं. न कळवलं तर मंजूर धरतात.) 4 एप्रिलला महावीर जयंतीची सुट्टी आली, म्हणून चेक परत आल्याचा मेमो पोराच्या हातात पडला 6 एप्रिलला. कारण 'फंड्स इन्सफिशियंट', म्हणजे शिल्लक अपुरी.

7 ला गुड फ्रायडे, 8 ला दुसरा शनिवार. 9 तारखेला रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. मेमो, चेक, काटापट्टी, पासबुक, सगळं व्यवस्थित पिशवीत. गावातल्याच एकाने त्याला सांगितलं होतं की वकिलाकडून तीन लाखांची नोटीस ठोक, शेठ दोन वर्षं आत जातो.

मी पासबुक चाळलं. 28 मार्चला साठ हजार.

'हे कशाचे?'

'त्यातलेच की काका. शेठनेच पाठवले.'

सूनबाईंनी फोन काढून दाखवला. 'चेक पैकी'.

इथं मी चहा ठेवायला सांगितला, कारण आता समजावून सांगायला वेळ लागणार होता.

138 कलमाचा गुन्हा चेक परत आल्याने आपोआप होत नाही. चेक कायद्याने वसूल करता येईल अशा देण्यापोटी दिलेला असायला हवा. चेक ज्याच्या हातात आहे त्याच्या बाजूने 139 कलम कोर्टाला तसं गृहीत धरायला लावतं, हे खरं. पण गृहीत धरलेलं समोरच्याला खोडून काढता येतं. आणि इथं खोडायला शेठला साक्षीदारही नको होता, पोराचं स्वतःचं पासबुक पुरेसं होतं. चेकवरच्या तारखेला, 31 मार्चला, देणं उरलं होतं 2,40,000. चेक होता 3,00,000 चा. म्हणजे चेकवर लिहिलेली रक्कम त्या दिवशी शेठ देणं लागतच नव्हता.

हुबेहूब अशाच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2022 ला निकाल दिला आहे. प्रकरण गुजरातमधलं होतं. वीस लाखांचं कर्ज, त्यापोटी वीस लाखांचा चेक. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी कर्जदाराने मधल्या काळात 4,09,315 रुपये फेडले. धनकोने तरीही पूर्ण वीस लाखांचा चेक टाकला, तो परत आला, नोटीस आणि केस झाली. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि हिमा कोहली यांच्या पीठाने ठरवलं की चेक वटवायच्या वेळी चेकवरची रक्कम आणि उरलेलं देणं यांत फरक असेल तर पूर्ण रकमेच्या चेकवर 138 चा गुन्हा बसत नाही. मध्ये काही पैसे आले असतील तर कायद्याच्या 56 व्या कलमाप्रमाणे त्याची नोंद चेकवरच करायची आणि उरलेल्या रकमेपुरता तो पुढं न्यायचा.

नोंद चेकवरच करायची, हे कोर्टाने सांगितलं ते कायद्याला धरूनच. पण माझ्यासारख्या क्लिअरिंगवाल्याला यात एक ठसठस आहे. सीटीएसच्या नियमात तारीख सोडून चेकवर कुठलीही खाडाखोड चालत नाही. मशीन पुढच्या बाजूची रक्कम वाचणार, समोरची बँक त्या प्रतिमेवरूनच पैसे देणार. मागच्या बाजूला 'पैकी साठ हजार मिळाले' असं लिहिलेला चेक खिडकीवर नेला तर बहुतेक क्लार्क तो हातातही धरणार नाही. त्यामुळे अशा वेळी मी एकच वाट सांगतो, उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या.

पोराचा चेहरा उतरला. 'म्हणजे पैसे मजुरांना दिले तीच चूक झाली?' चूक पैसे घेण्यात नव्हती. पैसे घेतले त्याच दिवशी तीन लाखांचा चेक परत देऊन 2,40,000 चा मागायला हवा होता, एवढंच. पण चेक बँकेत टाकण्याआधी आपण तो फक्त तारखेसाठी बघतो, रकमेकडे पुन्हा पाहत नाही.

सोमवारी गावातून दुसरा सल्ला आला. साठ हजार दुसऱ्या मालाचे होते म्हणून सांगायचं. दुसरा माल विकलाच नव्हता. काटापट्टी एकच आणि पाठवताना शेठने लिहिलेले दोन शब्द. असं शपथेवर खोटं सांगितलं असतं तर मूळ खऱ्या पैशांवरही कोर्टाचा विश्वास उडाला असता. पोरालाही ते पटलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

सुदैवाने मुदतीत जागा होती. 1 एप्रिल 2012 पासून चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, आधी सहा महिने चालायचा. म्हणजे हा चेक 30 जूनपर्यंत जिवंत होता. नोटीस काढायची मुदत मेमो मिळाल्यापासून तीस दिवस, म्हणजे 6 मेपर्यंत. शेठ फोनवर म्हणत होता, 'पंधरा तारखेला पुन्हा टाका, वटेल.' मुदतीत चेक कितीही वेळा टाकता येतो आणि आधीच्या वेळी केस केली नसली तरी नंतरच्या परतीवर ती करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवलेलं आहे. पण तोच तीन लाखांचा चेक पुन्हा टाकून पुन्हा तोच घोळ होणार होता. वटला असता तरी गंमतच, शेठकडून साठ हजार जास्त आले असते आणि तेच निमित्त करून त्याने उलटी तक्रार केली असती.

शेठने नवा चेक दिला तो आमच्या विनंतीवर नव्हे. एप्रिल चालू होता, शिवारात अजून उशिराच्या बागा उभ्या होत्या आणि त्याचे पिंपळगावच्या बाजूला चार सौदे ठरलेले होते. दलाल मध्ये पडला. 'या गावात नाव खराब झालं तर पुढच्या सालाला कोण माल देईल' हे दलालाने त्याला सांगितलं, त्याचा उपयोग कायद्याच्या कलमापेक्षा जास्त झाला.

नव्या चेकबरोबर मी एक चिठ्ठी मागवायला लावली, शेठच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह : मूळ चेक अमुक नंबरचा, रक्कम 3,00,000, पैकी 60,000 दि. 28 मार्चला फोनवरून दिले, उरलेल्या 2,40,000 पोटी हा दुसरा चेक, दुसरा वटल्यावर पहिला परत करायचा. या चार ओळींनी तीन गोष्टी झाल्या. माल मिळाल्याचं आणि देणं असल्याचं शेठने लिहून दिलं. साठ हजारांचा हिशेब मिटला. आणि दोन्ही चेक जवळ ठेवून पोरगा दोनदा वसुली करतोय असं म्हणायला जागा उरली नाही. पहिला चेक आधी परत करा, असा शेठचा हट्ट होता. तो मात्र आम्ही ऐकला नाही.

दुसरा चेक 25 एप्रिलच्या तारखेचा. त्याच दिवशी टाकला. 27 ला मेमो आला आणि या वेळी कारण वेगळं होतं : 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर'. शेठने स्वतःच बँकेला कळवून चेक थांबवला होता.

हा डाव जुना आहे. कलमात शब्द आहेत शिल्लक अपुरी असण्याचे, किंवा बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असण्याचे. म्हणून लोकांना वाटतं की आपणच पेमेंट थांबवलं, किंवा खातंच बंद केलं, किंवा सही मुद्दाम वेगळी केली, तर कलमाच्या बाहेर पडता येतं. तिन्ही वाटा सर्वोच्च न्यायालयाने बुजवल्या आहेत. थांबवलेल्या पेमेंटची 1998 मध्ये, बंद खात्याची 1999 मध्ये, न जुळणाऱ्या सहीची 2012 मध्ये. पेमेंट थांबवण्याचं खरं कारण असेल, म्हणजे माल खराब निघाला वगैरे, आणि खात्यात तेव्हा पुरेशी शिल्लक होती, असं शेठने दाखवून दिलं तर गोष्ट वेगळी. पण तो माल दीड महिन्यापूर्वी विकून मोकळा झाला होता आणि चिठ्ठीत त्याने त्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं.

आता नोटीस. ती नाशिकच्या वकीलबाईंनी काढली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, 'रक्कम किती लिहायची?' मी म्हटलं, चेकवरची, 2,40,000, त्याला एक रुपया जास्त नाही. व्याज आणि वकिलाची फी लोक त्यातच मिसळतात आणि नोटिशीवरून नंतर वाद घालायला समोरच्याला कारण मिळतं. मागायचे असतील तर वेगळ्या ओळीत, चेकच्या रकमेपासून वेगळे. बाईंनी व्याजाचा विषयच काढला नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोघांचं एकमत झालं म्हणून मला जरा बरं वाटलं.

1 मे महाराष्ट्र दिन, म्हणून नोटीस 3 मेला रजिस्टर्ड टपालाने गेली आणि 8 मेला इंदूरला मिळाली. तिथून शेठला पंधरा दिवस, म्हणजे 23 मेपर्यंत. त्या मुदतीत त्याने पूर्ण रक्कम दिली की गुन्हाच होत नाही. नाही दिली तर 24 मेपासून एका महिन्यात तक्रार दाखल करायची.

शेठने फोनवर एक जुनी धमकी देऊन पाहिली. 'केस करायची तर इंदूरला या.' 2014 मध्ये ती खरी ठरली असती. त्या वर्षी 1 ऑगस्टला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की चेक काढणाऱ्याची बँक जिथं आहे तिथल्या कोर्टात केस चालणार. हजारो लोकांच्या केसेस दुसऱ्या गावी पाठवाव्या लागल्या आणि निफाडच्या माणसाला इंदूरच्या तारखा परवडणार नाहीत हे व्यापाऱ्यांनाही कळून चुकलं. 2015 मध्ये कायदाच बदलला. आपण चेक आपल्या खात्यात टाकला तर आपली शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत येते तिथं केस चालते. बाईंनी शेठला फोनवर एवढंच सांगितलं, 'तारखेला यायचं तर निफाडला यायचं आहे. एसटी मिळेल.'

त्या फोनवर बाईंनी आणखी एक आठवण करून दिली. 1 सप्टेंबर 2018 पासून खटला चालू असतानाच कोर्ट चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत तक्रारदाराला अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं. इथं 48,000. आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड चेकच्या दुपटीपर्यंत, म्हणजे 4,80,000 पर्यंत. गावातल्या सल्लागाराने फक्त कैद सांगितली होती. मला विचाराल तर या कलमाचा खरा धाक दंडात आणि भरपाईत आहे, कारण पैसे आल्यावर तडजोड करून प्रकरण मिटवता येतं आणि बहुतेक मिटतंच.

22 मेला, सोमवारी, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, 2,40,000 आरटीजीएसने आले. सूनबाईंनी मला फोनवरचा मेसेज आणून दाखवला. या वेळी शेठने खाली काहीच लिहिलं नव्हतं.

दुसरा चेक झेरॉक्स काढून, त्यावर आडव्या रेघा मारून, पोचपावतीसह शेठला परत पाठवला. नोटिशीचा खर्च पोरानेच सोसला. परत आलेल्या दोन चेकांपोटी आपल्या बँकेने कापलेली रक्कमही त्याच्याच खात्यातून गेली. पहिल्या चेकबद्दलही शेठला कळवलं, चिठ्ठीत ठरलं होतं तसं. 'फाडून टाका,' एवढंच उत्तर आलं. फाडला नाही. तो अजून पोराच्या पासबुकात आहे, 31 मार्च 2023 तारखेचा, दोन घरगुती रेघा मारलेला. चिठ्ठी त्यालाच टाचणीने लावून ठेवली आहे.